द्राक्षमण्यांसाठी गच्चीवर केलेला सोलर ड्रायर : माझा अनुभव

मार्चअखेर दिंडोरीला मामेभावाच्या बागेत थॉमसन जातीच्या द्राक्षांची काढणी चालू होती आणि घड साफ करताना कात्रीने काढलेले मणी क्रेट भरभरून बाजूला पडत होते. त्यांत कीड किंवा कूज नव्हती. आकाराने लहान असल्यामुळे ते विक्रीच्या पेटीत चालत नव्हते, एवढेच. हे मणी वाया जाताना पाहून मला फार हळहळ वाटली आणि नाशिकमधील इंदिरानगरच्या आमच्या गच्चीवर स्वतःच्या हाताने सोलर ड्रायर तयार करून त्यांचे बेदाणे करायचे, असे मी ठरवले.

ड्रायरचे दोन भाग असतात. पहिल्या उथळ पेटीत काचेखाली काळा पत्रा तापतो, त्यावरून जाणारी हवा गरम होऊन वर चढते आणि दुसऱ्या उभ्या पेटीतील ट्रेमधून फिरून वरच्या बाजूने बाहेर पडते. मण्यांवर थेट ऊन पडले तर बेदाणा काळपट होतो, म्हणून ट्रे काचेखाली न ठेवता वेगळ्या बंद पेटीत ठेवणे मला योग्य वाटले. अंबडच्या भंगारवाल्याकडून पॅकिंगच्या पाइनवुडच्या फळ्या आणल्या आणि घरातली जुनी खिडकी काढली होती तिची ४ मिलिमीटरची काच वापरली. तापणारी पेटी ३ फूट लांब आणि २ फूट रुंद झाली. नाशिक २० अक्षांशावर असल्यामुळे ती दक्षिणेकडे तोंड करून साधारण २० अंशांत कलती ठेवली, म्हणजे ३ फूट लांबीला मागची बाजू सुमारे १ फूट उचलली. पत्र्याला शाळेच्या फळ्याचा बिनचकाकीचा काळा रंग दिला आणि रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी चार दिवस रिकामीच उन्हात तापवली. खाण्याचा पदार्थ आत ठेवायचा असेल तर यात घाई कोणी करू नये. ट्रेची जाळी स्टेनलेस स्टीलचीच घ्यावी, कारण फळांच्या आंबट रसाने साधी जस्ताची जाळी खराब होते.

पहिली चूक थर्माकोलची. उष्णता टिकावी म्हणून मी पत्र्याखाली थर्माकोल घातला होता. तो दोन दिवसांत आक्रसून वाकडा झाला, तेव्हा तो काढून त्या जागी सुताराकडचा कोरडा भुसा भरला.

दुसरी चूक अधिक महागात पडली. पहिल्या ४ किलो मण्यांच्या वेळी आतले तापमान दुपारी ७० अंशांच्या वर गेले आणि ड्रायर उत्तम चालला आहे, असे मला वाटले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार उघडले तर दाराच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळत होते आणि मण्यांना आंबूस वास येत होता. तो सगळा माल टाकावा लागला. फळ्या कापून देणारे सुतारकाका दार बसवायला आले होते, त्यांनी पेटीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, “ताई, वाफ बाहेर जायला वाट कुठे ठेवलीत?” मी मोजून पाहिले. हवा आत येण्याची फट २४ इंच लांब आणि १ इंच रुंद, म्हणजे २४ चौरस इंच होती. बाहेर जाण्यासाठी मात्र १ इंच व्यासाची तीन भोके, म्हणजे जेमतेम अडीच चौरस इंच. हवा तापत होती, पण ओलावा घेऊन निघून जात नव्हती.

मग पेटीच्या माथ्यावर ४ इंची पीव्हीसी पाइपचे ३ फूट उंचीचे दोन तुकडे काळे रंगवून धुराड्यासारखे बसवले. खालच्या फटीपाशी उदबत्ती धरली तेव्हा एरवी तिथेच घुटमळणारा धूर सरळ आत ओढला गेला. तो क्षण मला अजून आठवतो. तापमान ५२ ते ५५ अंशांवर आले आणि वाळण्याचा वेग मात्र वाढला.

मण्यांवर मेणासारखा थर असतो, त्यामुळे आतले पाणी लवकर सुटत नाही. म्हणून बागायतदार वापरतात तेच द्रावण केले : १ लिटर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर डिपिंग ऑइल (बेदाण्याचे मणी बुडवण्याच्या द्रावणात घालायचे खास तेल). धुतलेले मणी त्यात तीन-चार मिनिटे बुडवून निथळले आणि ट्रेवर एकेरी थरात पसरले. रात्री दव आत जाऊ नये म्हणून फट आणि दोन्ही पाइप झाकून ठेवत होते.

सातव्या दिवशी मूठभर बेदाणे घट्ट दाबून मूठ उघडली, तेव्हा ते एकमेकांना न चिकटता सुटे झाले. ४ किलो मण्यांचे किलोला थोडे कमी बेदाणे भरले. ते बरणीत बंद करून आठवडाभर रोज झाकण पाहिले. आतून एकही थेंब धरला नाही. मामेभाऊ आला तेव्हा त्याने बेदाणे चाखले आणि मग टेप घेऊन गच्चीवर मापे घ्यायला गेला.