काकांची वही आणि आमचं मीटर

शनिवार म्हणजे आमच्याकडे चेक-इनचा दिवस. हॉटेलात रोज थोडे येतात थोडे जातात, पण टाइमशेअर रिसॉर्टमध्ये, म्हणजे जिथे सदस्य एकदा पैसे भरून दर वर्षीचा आपला एक आठवडा घेऊन ठेवतात तिथे, सगळा मामला आठवड्याचा, त्यामुळे सकाळी दहाला अर्धं रिसॉर्ट रिकामं होतं आणि दुपारी चारला तेवढीच माणसं बॅगा, पोरं, आजी-आजोबा घेऊन एकदम दारात. मधल्या सहा तासांत हाउसकीपिंगवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते आणि आम्ही फ्रंट डेस्कवाले "रूम तयार होतेय" हे एकच वाक्य जमेल तितक्या गोड आवाजात म्हणत राहतो.

त्या शनिवारी लाइनीत तिसरे होते एक काका. रिटायर्ड असावेत, सोबत काकू, मुलगा, सून, नातू. एक्स्चेंजवर आलेले, म्हणजे त्यांचा आठवडा दुसऱ्याच कुठल्या तरी रिसॉर्टचा, तो त्यांनी एक्स्चेंज कंपनीकडे जमा केलेला आणि बदल्यात आमच्याकडचा मिळालेला. मी नेहमीप्रमाणे रजिस्ट्रेशन कार्ड पुढे सरकवलं आणि पेनने एकेका ओळीवर टिक करत सांगायला लागले, वीज मीटरप्रमाणे, चेक-आउटच्या वेळी. वायफाय एका फोनला फ्री, पुढच्या प्रत्येक डिव्हाइसला चार्ज. लॉकरचं रोजचं भाडं. पार्किंग. आठवड्याच्या मध्ये टॉवेल बदलून हवे असतील तर तेही.

काकांनी हातातलं पेन खाली ठेवलं. आवाज न करता, अगदी हळू. या धंद्यात चौदा वर्षं काढल्यावर एक कळलंय, पेन आपटणारा माणूस दहा मिनिटांत शांत होतो, हळू ठेवणारा नाही होत.

"हे सगळं वरचं?"

"हो काका, हे वापरावर आहे ना, म्हणून."

"मग मी आत्तापर्यंत जे भरलं ते कशावर होतं?"

आणि त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून वही काढली. साधी दोनशे पानी, रेघांची. मला वाटलं तक्रार लिहून घेणार. नाही, आधीच लिहिलेली होती. सदस्य झाल्यापासूनचा सगळा हिशोब. सुरुवातीची रक्कम, मग दर वर्षीचा मेंटेनन्स आणि तो मागच्या वर्षीपेक्षा किती वाढला ते, एक्स्चेंज कंपनीची वार्षिक मेंबरशिप, प्रत्येक एक्स्चेंजची वेगळी फी, एकदा छताच्या कामासाठी सगळ्या सदस्यांकडून जादा वर्गणी काढली होती ती, एकदा स्वतःचा आठवडा मुलीला दिला तेव्हा गेस्ट सर्टिफिकेटचे पैसे. पानाला दोन कॉलम. एकावर लिहिलेलं 'सांगितलं होतं', दुसऱ्यावर 'सांगितलं नव्हतं'. दुसरा कॉलम लाल पेनाने.

"आम्हाला घेताना काय सांगितलं होतं माहितीये का," काका म्हणाले, "की काका, एकदा घेऊन टाका, मग दर वर्षी फक्त कपड्यांची बॅग भरायची."

इथे मला एक कबूल करायचंय. मी फ्रंट डेस्कला यायच्या आधी तीन वर्षं सेल्समध्ये होते. दुसऱ्या रिसॉर्टच्या, दुसऱ्या कंपनीच्या. आणि हे कपड्यांच्या बॅगेचं वाक्य आम्हाला ट्रेनिंगमध्ये दिलेलं होतं, मी ते किती कुटुंबांना म्हटलं असेल देव जाणे. काकांना मी विकलेलं नव्हतं, पण माझ्यासारख्याच कुणीतरी विकलेलं होतं, त्याच हसऱ्या चेहऱ्याने, समोर अल्बम उघडून. खोटं म्हणावं तर पूर्ण खोटंही नाही ते. मेंटेनन्स दर वर्षी भरावा लागतो हे आम्ही सांगायचो, करारात तर असतंच. फक्त तो वाढत जातो हे भर्रकन सांगायचो आणि दुसऱ्यांच्या रिसॉर्टला गेलात की तिथले नियम तिथले, हे तर प्रेझेंटेशनच्या त्या दीड-दोन तासांत कधी यायचंच नाही. टाइमशेअरची कल्पना मुळात १९६० च्या दशकात युरोपात, आल्प्सच्या स्की रिसॉर्टांमध्ये रुजली, तेव्हाही मुद्दा हाच होता की दर वर्षी खोली शोधत फिरण्यापेक्षा आपला वाटा घेऊन ठेवा आणि डोक्याची कटकट संपवा. लोक खोली नाही विकत घेत हो, कटकट संपल्याचं समाधान घेतात. आणि आम्ही काउंटरवर तेच परत काढून घेतो, लॉकरच्या भाड्यासाठी.

तर झालं असं की मला काकांची दया आली आणि मी चूक केली. म्हटलं, "काका, लॉकर आणि पार्किंग मी माफ करते, विजेचं मात्र माझ्या हातात नाही." हळू बोलले असं मला वाटलं होतं. मागची बाई लगेच पुढे झाली, "मग आमचंही करा." तिच्या मागचे म्हणाले आम्ही तर गेल्या वर्षी पूर्ण भरलंय, ते परत द्या. पाच मिनिटांत लॉबीत सगळे सगळ्यांना विचारतायत, तुम्हाला किती सांगितलं, तुम्हाला वायफाय किती फोनला. फी एकसारखी सगळ्यांना असली की लोक कुरकुर करत भरतात, एकाला सोडली की ती फी उरतच नाही, ती मग फसवणूक होते. हे मला माहीत होतं. तरी केलं.

आणि मग खरी मजा सुरू झाली. बाजूच्या सोफ्यावर एक मॅडम बसल्या होत्या, आमच्या जुन्या ओनर, सदस्यांच्या कमिटीवर. त्या उठून आल्या आणि मला नाही, सरळ काकांना म्हणाल्या, "विजेचा चार्ज कमिटीने ठरवलाय. एक्स्चेंजवाले चोवीस तास एसी लावून बाल्कनीचं दार उघडं ठेवतात, ते बिल आमच्या मेंटेनन्समधून जायचं. आम्ही का भरायचं तुमचं?"

काका म्हणाले, "आणि तुमची माणसं माझ्या रिसॉर्टला येऊन एसी लावतात तो कुणाच्या मेंटेनन्समधून जातो? माझ्याच ना?"

मॅडम गप्प. काकाही गप्प. मी दोघांकडे बघतेय, कारण खरं सांगू, दोघंही बरोबर होते. काकांचा मेंटेनन्स काकांच्या रिसॉर्टला जातो, आमच्या रिसॉर्टला त्यातला छदामही मिळत नाही. एक्स्चेंज फी जाते मधल्या कंपनीला. म्हणजे काकांनी दोन ठिकाणी पैसे भरलेत आणि ज्या तिसऱ्या ठिकाणी ते प्रत्यक्ष राहणार तिथे त्यांच्या नावावर शून्य. अदलाबदलीच्या या कंपन्या १९७० च्या दशकात निघाल्या, आरसीआय १९७४ ची आणि इंटरव्हल इंटरनॅशनल १९७६ ची, आणि त्यामागचा हिशोब असा की तू माझ्याकडे ये, मी तुझ्याकडे येतो, फिट्टंफाट. फिट्टंफाट तेव्हाच होतं जेव्हा दोन्हीकडचे नियम सारखे असतात. एकाने वीज मेंटेनन्समध्ये धरली आणि दुसऱ्याने मीटर लावलं की ज्याच्याकडे मीटर नाही तो दोन्हीकडून मार खातो. काकांच्या रिसॉर्टला मीटर नव्हतं.

एक्स्चेंजच्या कन्फर्मेशनवर हे सगळं छापलेलं असतं बरं का. दुसऱ्या पानावर, पोहायच्या तलावाच्या वेळा आणि पाळीव प्राण्यांच्या नियमाच्या मध्ये. काकांनी त्याची प्रिंट आणली होती, पहिल्या पानाची.

आमच्या ट्रेनिंगमध्ये एकदा रिचर्ड थेलर या अर्थतज्ज्ञाचं सांगितलं होतं, त्यांना २०१७ चं नोबेल मिळालं. माणूस पैशांचे मनातल्या मनात वेगवेगळे डबे करतो आणि प्रत्येक डब्याचा हिशोब वेगळा ठेवतो, असं काहीसं. ट्रेनरने ते विक्री कशी वाढवायची यासाठी सांगितलं होतं. मला ते त्या दिवशी काउंटरवर समजलं. काकांच्या मनात 'सुट्टी' लिहिलेला डबा बंद होऊन, वर दोरी बांधून ठेवलेला होता. रक्कम बघाल तर त्यांनी येताना जेवढं पेट्रोल जाळलं त्याच्या पासंगालाही नव्हती. पण पेट्रोल दुसऱ्या डब्यातलं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर जादा टॉवेल, उशिरा चेक-आउट, दुसऱ्या-तिसऱ्या फोनचं वायफाय, याला चार्ज लावा, ज्याला हवं तो घेईल, त्यावर कुणी भांडत नाही. भांडण होतं ते टाळता येत नाही अशा फीवरून. सक्तीची असेल तर ती एक्स्ट्रा कसली, ते भाडंच झालं की, मग भाड्यातच सांगा ना. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने हेच शेवटी नियमात आणलं, १२ मे २०२५ पासून, हॉटेलसारख्या थोड्या दिवसांच्या मुक्कामाला आणि कार्यक्रमांच्या तिकिटांना सक्तीची फी धरूनच किंमत दाखवायची. युरोपियन युनियनमध्ये टाइमशेअर घेतल्यावर चौदा दिवसांत कारण न देता करार मोडता येतो आणि तेवढ्या दिवसांत आगाऊ पैसे घ्यायला बंदी. पण काकांचा प्रश्न चौदाव्या दिवशी पडणाऱ्यातला नव्हताच, तो कित्येक वर्षांनी, दुसऱ्याच्या रिसॉर्टच्या काउंटरवर पडला.

असो. शेवटी काकांनी सही केली. सहीखाली लिहिलं, 'नाराजीने'. मला म्हणाले, "पोरी, तुझा दोष नाही, पण मीटरचं आत्ताचं रीडिंग मला लिहून दे." मी दिलं. मी माफ केलेल्या रकमांचा रिपोर्ट रात्री मॅनेजरनी बघितला, एकाच शनिवारी एकोणीस नोंदी, आणि काय झालं ते इथे लिहीत नाही.

सोमवार गेला. मंगळवारी सकाळी साडेनऊला काका वही घेऊन हजर. मी मनात म्हटलं, आता काय.

तर या माणसाने रोज सकाळ-संध्याकाळ मीटरचं रीडिंग घेतलं होतं. नुसतं तेवढंच नाही, आपण काय काय कधी लावलं तेही. नातवाला कामाला लावलेलं, तो बाल्कनीतून ओरडायचा "एसी बंद" आणि हे वेळ लिहायचे. काकू म्हणाल्या, "आमची सुट्टी मीटरसमोर चाललीये." आणि वहीत दिसत होतं की सोमवारी घरात कुणी नव्हतं, फ्रिज सोडून सगळं बंद, तरी सकाळी सात ते साडेआठ या वेळात मीटर चार युनिट पुढे. मंगळवारीही तसंच. फ्रिज एवढ्या वेळात एवढं खाणार नाही हो. मला आधी वाटलं काकांची मोजण्यात गडबड झाली असेल, पण त्या दोन्ही दिवशीचे मोबाइलवर काढलेले मीटरचे फोटोपण होते.

इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो आधी कंटाळत आला, कारण विजेच्या बिलाच्या तक्रारी आम्हाला रोजच्याच. त्याने काकांच्या युनिटचा, म्हणजे त्यांच्या अपार्टमेंटचा, मेन स्विच पाडला. आणि शेजारच्या बाथरूममधून कुणीतरी जोरात ओरडलं, "अहो, गरम पाणी गेलं!"

आता हे कसं ते सांगते. आमची मोठी युनिट्स मधलं दार बंद करून दोन करता येतात, लॉक-ऑफ म्हणतात त्याला. एका बाजूला हॉल-किचन-बेडरूम, दुसऱ्या बाजूला छोटा स्टुडिओ, दोघांत वेगवेगळे पाहुणे. मीटर दोन. पण कधीतरी स्टुडिओचं बाथरूम नव्याने केलं तेव्हा तिथला इन्स्टंट गीझर जवळ पडतो म्हणून मोठ्या बाजूच्या लाइनवर जोडला गेला. तीन किलोवॅटचा गीझर, तासभर चालला की तीन युनिट. स्टुडिओवाल्या कुटुंबाच्या अंघोळी काकांच्या मीटरवर. त्यांचं बिल कमी आलं म्हणून त्यांनी कधी तक्रार केली नाही, आणि मोठ्या बाजूच्यांनी केली ती आम्ही "एसी जास्त लावला असेल" म्हणून उडवून लावली. मीसुद्धा. हेच वाक्य, किती जणांना.

काका विजयी वगैरे काही दिसले नाहीत. वहीत लाल पेनाने काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "बाकीच्या लॉक-ऑफमध्ये बघितलंत का?"

दुपारपर्यंत बघितलं. आणखी दोन निघाले, त्याच मजल्यावरचे, त्याच वेळी बाथरूम झालेले.

काकांचं वीजबिल पूर्ण माफ झालं, त्यांनी ते घेतलं नाही, म्हणाले गीझरचे वजा करून माझे जे होतात ते सांगा. शनिवारी जाताना ते रोख भरले, पावती घेतली आणि या वेळी वहीच्या डाव्या कॉलममध्ये लिहिली. कमिटीवरच्या मॅडम तिथेच होत्या, त्या त्यांच्याकडून मीटर तपासायची पद्धत विचारून घेत होत्या.

मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, ही बाथरूमं केली कधी. मी म्हटलं बिलाची फाइल बघावी लागेल. ते म्हणाले, आणि तेव्हापासून त्या तीन युनिट्समध्ये कोण कोण राहिलं? मी म्हटलं, रजिस्टरं स्टोअररूममध्ये आहेत, वरच्या फळीवर.

स्टूल घेऊन या, ते म्हणाले.