कुत्रीसाठी सोसायटीची परवानगी : माझा अनुभव

कुत्रं पाळायला सोसायटीची परवानगी लागत नाही. तरी सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या सोसायटीनं मला उन्हाळाभर खेळवलं, तो राग अजून गेलेला नाही.

राणी गावठी. रस्त्यावरून उचलून आणली, डॉक्टरांना दाखवली, जंताचं औषध दिलं, तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची लस टोचली. सगळं सुरळीत.

मग सेक्रेटरीसाहेब. "ठराव लागतो हो." ठराव कधी? वार्षिक सभेत. सभा कधी? ३० सप्टेंबरच्या आत. ही मुदत त्यांना तोंडपाठ! तोवर? "गावाकडं सोडा की." दर खेपेला नवीन काहीतरी. एकदा तर स्टॅम्प पेपरवर हमीपत्र मागितलं, मसुदाही स्वतःच टाइप करून आणला : 'सदर कुत्रा रात्री भुंकणार नाही व लिफ्ट वापरणार नाही.' कुत्रा नाही, कुत्री आहे म्हटल्यावर पेननं काना खोडून वेलांटी दिली आणि कागद पुन्हा पुढं सरकवला. खालच्या मजल्यावरच्या लॅब्रॅडॉरसाठी असलं काही मागितलं होतं का, असं विचारलं, तर म्हणाले, "ते जातिवंत आहे." खरी मेख इथं होती.

आणि आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर. राणीला फिरवणार आमचे अण्णा, गुडघे धरलेले. आई गेल्यापासून ते खुर्चीतून उठत नव्हते. रोज चाला म्हणून डॉक्टर सांगून थकले. राणी सकाळी त्यांच्या लेंग्याची नाडी ओढते, की निघाले दोघं नेमिनाथनगरपर्यंत. वाटेत लोक आधी तिच्याशी बोलतात, मग अण्णांशी. हे सोडून तिला गावाकडं धाडायचं?

शेवटी भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या एका ताईंनी वाट दाखवली. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक सूचना आहे : बहुमतानं ठराव केला तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, भुंकणं हे त्यासाठी कारण होत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. विनंती अर्ज मुळीच करू नका. 'माहितीसाठी सादर' असं पत्र लिहा, सूचनेची प्रत जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोहोच घ्या. पोहोच देताना साहेबांचा हात जड झाला होता. "हे दिल्लीचं, इथं चालत नाही," असंही म्हणून बघितलं. मग मी १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा काढला. प्राण्याला उपाशीतापाशी वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे. (पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तेवढ्यात भडंगाचं धड पाकीट येत नाही, पण हे मी त्यांना सांगितलं नाही.) हमीपत्राचा विषय पुन्हा निघाला नाही.

हो, लसीच्या कार्डाची झेरॉक्सही पत्राला जोडा, आणि दरवर्षीची लस चुकवू नका. तक्रार करणारा पहिला तेच विचारतो. फिरायला जाताना घाण उचलायला खिशात कागद आणि पिशवी हवीच. पार्किंगमध्ये घाण दिसली, की मंडळाची सूचना कुणी वाचत बसत नाही.