दारणेवर फ्लाय रॉड: चढणीपासून उन्हाळी आवर्तनापर्यंत

नाशिक जिल्ह्यातल्या दारणा नदीच्या थडीवर फ्लाय रॉड, म्हणजे फ्लाय हे पिसं-लोकरीचं नकली आमिष टाकायची लांब काठी, घेऊन उभं राहिलं की पहिला प्रश्न माशांबद्दल येत नाही. "मोजणी आली का?" असं विचारतात. समृद्धी महामार्गानंतर या भागातल्या लोकांना नदीकाठी अनोळखी माणूस लांब काठी घेऊन दिसला की सातबाराच आठवतो. "मासे धरतोय" म्हटलं की चेहरे सैल होतात आणि मग सल्ले सुरू होतात. त्यातले निम्मे ऐकण्यासारखे असतात.

मी ज्याच्या मागे असतो तो खडस, म्हणजे दख्खनचा महासीर. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं, ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. पण गोदावरीच्या खोऱ्यातही तो पूर्वापार आहे. विलायतेतला सामन (सॅल्मन मासा) समुद्रातून नदीत चढतो. आपल्या खडशीचा प्रवास नदीतल्या नदीत होतो. पावसाचं पहिलं मोठं पाणी आलं की वर, खडकाळ, वाळू-गोट्यांच्या, थंड पाण्याकडे जायचं, तिथे अंडी घालायची आणि पाणी ओसरू लागलं की खालच्या डोहांत परतायचं. इगतपुरीच्या डोंगरांतून निघून दारणा सांगवीला गोदावरीत मिळेपर्यंत ही वाट एकेकाळी सलग होती. १९१६ मध्ये नांदगावला दारणा धरण झालं, पुढे भावली आणि उपनद्यांवर मुकणे, वाकी, भाम. आता वाटेचे तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाला दरवाजे.

म्हणून इथे मासेमारीचं वेळापत्रक महिन्यांवर लावू नका. ते विसर्गावर, म्हणजे धरणातून सुटणाऱ्या पाण्यावर लावा. मृग, हस्त ही नक्षत्रं वरच्या ओढ्यांपुरती खरी. धरणाखाली पाणी कधी वाढणार आणि कधी आटणार हे पाटबंधाऱ्याचं खातं ठरवतं.

आधी चढणीचं सांगतो, कारण तेव्हा मी रॉड घरी ठेवतो. जून-जुलैत घोटी-इगतपुरीकडे भातखाचरं भरून वाहू लागली की ओहोळांतून मासे वर येतात, खाचरांत शिरतात. रात्री बॅटऱ्या, टोपल्या, बांबूचे सापळे घेऊन अख्खी वाडी पाण्यात असते. हे बघायला जरूर जा. पण पाणी चहासारखं गढूळ असतं, त्यात फ्लाय माशाला दिसत नाही, आणि माद्यांची पोटं अंड्यांनी टम्म असतात. वर्षातून एकदा कालवणापुरते मासे नेणाऱ्या घराशी माझं भांडण नाही. ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत जाळं बांधून टाकणाऱ्यांशी आहे. आणि आपण तर हौशी. आपल्याला हे दोन महिने थांबता आलं पाहिजे.

खरा हंगाम पाऊस सरल्यावर. दसऱ्याच्या आसपास दरवाजे बंद होतात, पाणी निवळतं, घोटाभर खोलीवरचे गोटे दिसू लागतात. पण इथे एक मेख आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर समन्यायी वाटपाच्या नियमाने नाशिक-नगरच्या धरणांतून खाली पाणी सोडायची वेळ येते. २०२३ मध्ये नोव्हेंबरच्या अखेरीस असं पाणी सुटलं होतं. कमी पावसाच्या वर्षी दिवाळीनंतरचा बेत आखताना आधी जायकवाडीचा आकडा बघा, मग सुट्टी टाका.

यंदा दिवाळीनंतर गेलो तो लहवित ते भगूरच्या मधला पट्टा. धरणाच्या भिंतीजवळ जाऊ नका; तिथे हटकतात, आणि ते योग्यच आहे. देवळालीच्या बाजूला तोफखान्याची हद्द आहे, पाटी दिसली की मुकाट मागे फिरायचं. उरलेल्या नदीत भरपूर जागा आहे: काळ्या खडकाच्या पायऱ्या, त्यावरून घसरणारी पांढरी धार, खाली हिरवट डोह. खडस धारेत नसतो, आणि डोहाच्या तळाशीही नसतो. धार जिथे डोहात शिरून मंद होते त्या शिवेवर असतो, तोंड वरच्या बाजूला करून.

पाण्यात पाय टाकण्याआधी तिथल्या एका मच्छीमार दादांनी थांबवलं. "खडकावरची ओल बघा आधी," म्हणाले. पाण्याच्या वर वीतभर ओला पट्टा दिसला, तर पाणी नुकतंच उतरलंय. मासा डोहात सरकला असणार, निवांत उभे राहा. ओल अजिबात नसेल आणि काठचं गवत बुडालेलं असेल, तर पाणी चढतंय. "मग फोटो-बिटो नंतर. आधी थडीवर." नवख्या माणसासाठी लाइन गुंडाळायच्या माझ्या सगळ्या रिळांपेक्षा हे एक वाक्य मोलाचं आहे. त्यात एवढीच भर घालतो की शंभर क्युसेक विसर्ग म्हणजे सेकंदाला सुमारे २,८०० लिटर पाणी, आणि कागदावर किरकोळ दिसणारा आकडा अरुंद खडकात गुडघ्याचं पाणी कमरेला नेतो.

सामानाचं थोडक्यात. नऊ फुटी, सात नंबरचा रॉड पुरतो. तरंगती लाइन, नऊ फुटांचा लीडर (लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा बारीक धागा), शेवटचा धागा दहा-बारा पौंडांचा. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. सँडल नकोत, शेवाळलेल्या काळ्या खडकावर जुने, घट्ट बांधता येणारे बूटच चालतात.

फ्लायफिशिंगमध्ये आमिषाला वजन नसतं, वजन लाइनला असतं. म्हणून लाइन आधी मागे उडवून मग पुढे टाकावी लागते. इंटरनेटवरच्या चित्रफितींत मागे मोकळं कुरण असतं. आपल्याकडे मागे बाभळ असते, नाहीतर घाणेरी, नाहीतर कुणाचा ऊस. मागे न उडवता पाण्यावरच लाइन गुंडाळत पुढे सोडायची, तो रोल कास्ट आधी शिका. सफाईने लांबवर टाकणारे माझे काही मित्र दारणेवर अख्खी सकाळ बाभळीतून फ्लाय सोडवत बसलेले मी पाहिले आहेत.

फ्लाय कुठली? छोट्या माशासारखी चमकती एक आणि भुंग्यासारखी काळी एक, एवढं पेटीत असावं. पण मला सगळ्यात लाडकं आहे ते लाल-तपकिरी लोकरीचं उंबर. महासीर फळं खातो. काठावरचा उंबर पाण्यावर झुकलेला असेल आणि फळं गळत असतील, तर खाली मासा तोंड वासून असतोच. लोकरीचा गोळा आधी भिजवून घ्या, जरा आवाज करत टाका, मग काहीही करू नका. ओढू नका. त्याला पडलेल्या फळासारखं बुडू द्या. लाइन थबकली की रॉड उचला.

त्या उंबराखाली एक खडशी लागली. फार मोठी नव्हती, पण पहिल्याच झेपेत तिने रिळावरची लाइन अर्धी रिकामी केली. अशा वेळी रीळ मुठीत दाबलं की धागा गेलाच. ती धावेल तेवढं धावू द्यायचं आणि आपण काठाने खाली चालायचं. हात ओले करून, मासा पाण्याबाहेर न काढता गळ सोडवला आणि तोंड प्रवाहाकडे करून धरला. दम भरला की तो स्वतःच निसटतो. ढकलू नका. नंतर लागल्या त्या कोळशी आणि बऱ्याचशा चिलापी. चिलापी परकी आहे, भरमसाट वाढते; ती खुशाल घरी न्या, तिखट-मीठ लावून तव्यावर टाका.

डिसेंबर-जानेवारीत खाली निफाडच्या बाजूला सरका, पण अपेक्षा कमी ठेवा. निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली जातो तेव्हा मासाही गारठलेला असतो. अकरा ते तीन एवढीच वेळ खरी. पहाटे उसातून नदीवर उतरायचा मोह टाळा. दारणाकाठचे बिबटे ही ऐकीव गोष्ट नाही, या गावांनी माणसं गमावली आहेत. दिवसा, बांधावरून, बोलत चालत जा. नांदूर मध्यमेश्वरला रॉड गाडीतच राहू द्या. ते अभयारण्य आहे, २०१९ पासून रामसर यादीतही (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) आहे. तिथे दुर्बीण न्यायची.

उन्हाळ्यात नदी आवर्तनापुरती, म्हणजे धरणातून ठरावीक दिवस पाणी सोडतात तेवढीच वाहते. दोन आवर्तनांच्या मधे डोह तेवढे उरतात आणि सगळा मासा त्यांत कोंडलेला असतो. तेव्हा खडस मिळवणं फार सोपं जातं, म्हणूनच मी त्याच्या वाटेला जात नाही. कोमट पाण्यात प्राणवायू कमी. दमलेला मासा सोडला तरी तो तासाभरात उलटा तरंगतो. एप्रिल-मेमध्ये चिलापीवर हात साफ करायचा, तोही नऊच्या आत.

परवान्याचं विसरू नका. धरणांच्या जलाशयांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. जलाशयावर रॉड काढायचा असेल तर आधी संस्थेच्या माणसाला भेटा, पैसे विचारा, पावती घ्या. नदीवरही गावात आधी रामराम घातलेला बरा.

नाशिकहून घोटी मुंबई-आग्रा महामार्गाने तासाभराच्या आत येते; लहवित आणि अस्वलीला रेल्वे स्टेशन आहे, पण मोजक्याच गाड्या थांबतात, तेव्हा परतीची वेळ आधी पाहून ठेवा. पावसाळ्यात विसर्गाचे आकडे स्थानिक पेपरात रोज येतात. उन्हाळ्यात आवर्तन नक्की कधी सुटणार हे मात्र पेपरच्या आधी पाटकऱ्याला, म्हणजे पाटाचं पाणी सोडणाऱ्या माणसाला कळतं. त्याचा फोन नंबर मिळवा.