नटाच्या मागून, लेखकाच्या मागून: ब्रिटिश मालिकांची पावसाळी नोंद

मंडळी, या पावसाळ्यात 'बघायलाच हव्यात' छापाच्या सगळ्या याद्या बाजूला ठेवल्या आणि एकच नियम पाळला. एक मालिका संपली की तिच्यातला जो नट किंवा लेखक मनातून जाईना, त्याच्या मागून पुढची मालिका निवडायची. ब्रिटिश टीव्हीला हा नियम फार मानवतो. तिथे पुष्कळदा सगळे भाग एकच लेखक किंवा एकच जोडी लिहिते. म्हणून सीझनमध्ये भाग सहाच्या आसपास, आणि सांगायचं सांगून झालं की मालिका थांबते. नटमंडळीही रंगभूमी, रेडिओ, टीव्ही असं सगळीकडे सहज ये-जा करणारी. नाटकं बघत वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला इथे लवकर रुळता येतं, कारण सगळा भार संवादावर आणि तो बोलणाऱ्या माणसावर असतो.

सुरुवात केली 'द ऑफिस'पासून. 2001 सालची, रिकी जर्वेझ आणि स्टीफन मर्चंट या जोडीने लिहिलेली मूळ मालिका. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी फक्त अमेरिकन 'द ऑफिस' पाहिलेलं असतं. त्याचे भाग 201, मूळ मालिकेचे नाताळच्या खास भागांसह 14. मूळ मालिका जास्त बोचरी आहे. स्लाउमधल्या एका कागद कंपनीतला साहेब विनोद करतो, कुणी हसत नाही, आणि कॅमेरा तिथून हलतच नाही. ती अवघडलेली शांतता सोसायची तयारी असेल तर जरूर बघा. पण माझ्या मनात राहिला तो गॅरेथ, साहेबाच्या पुढेपुढे करणारा हडकुळा सहकारी. तो रंगवणारा नट मॅकेन्झी क्रूक, आणि त्याच्या मागून मी पोचलो ते 'डिटेक्टरिस्ट्स'पाशी.

या हंगामातली माझी सर्वांत कळकळीची शिफारस हीच. क्रूकने ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि तिच्यात कामही केलं. 2014 ते 2017 या काळात बीबीसी फोरवर तीन सीझन आले आणि 2022 मध्ये एक खास भाग. अँडी आणि लान्स हे दोन मित्र मेटल डिटेक्टर घेऊन शेतं पालथी घालतात. शोध इंग्लंडच्या प्राचीन सॅक्सन राजाच्या सोन्याचा, हाती लागतात कॅनच्या कड्या आणि जुनी बटणं. प्रतिस्पर्धी गटही आहे आणि त्याच्याशी चाललेली हद्दीची भांडणं अगदी मनापासूनची आहेत. कथा घडते एसेक्समध्ये, पण चित्रीकरण शेजारच्या सफोकमधलं. त्याच सफोकात 1939 साली सटन हू इथे मातीखाली सॅक्सन काळातलं जहाज आणि त्यातलं धन सापडलं होतं. हे माहीत असलं की लान्सच्या स्वप्नाला वेडेपणा म्हणवत नाही. तिथल्या कायद्यानुसार 300 वर्षांहून जुनं सोनं-चांदी सापडलं तर 14 दिवसांत कोरोनर या चौकशी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. पण या माणसांना श्रीमंतीची हाव सुटलेली नसते. आपण शोधलेली वस्तू संग्रहालयात ठेवली जावी, शेजारी आपलं नाव असावं, एवढीच त्यांची इच्छा. कुठलाही छंद मनापासून जोपासणाऱ्याला हे पटकन समजेल. आणखी एक गोष्ट: अँडीच्या जोडीदारिणीचं काम रेचल स्टर्लिंगने केलंय आणि तिच्या आईचं काम तिच्या खऱ्या आईने, डायना रिगने. दोघींचे एकत्र प्रसंग आवर्जून बघा. घाई करू नका, दिवसाला एकच भाग पुरे.

लान्स म्हणजे टोबी जोन्स. त्याच्या मागून 'मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस' (2024, चार भाग, लेखिका ग्वेनेथ ह्यूज). इथे हसू जवळजवळ संपतं. ब्रिटनमध्ये गावोगावी दुकानातच टपाल शाखा चालवणारे सब-पोस्टमास्टर असतात. 1999 पासून त्यांच्या काउंटरवर होरायझन नावाची संगणकप्रणाली आली, हिशेबात नसलेली तूट दाखवू लागली, आणि टपाल खात्याने यंत्राऐवजी माणसांना चोर ठरवलं. 900 हून अधिक जण दोषी ठरले, काही तुरुंगात गेले, कित्येकांची घरं गेली. वेल्समधल्या लॅंडडनोजवळ शाखा चालवणारे ॲलन बेट्स वीस वर्षं लढत राहिले. जो हॅमिल्टन या दुकानदार बाई फोनवरच्या मदतनिसाचं ऐकून कळ दाबतात आणि पडद्यावरची तूट त्यांच्या डोळ्यांसमोर दुप्पट होते, तो प्रसंग बघताना माझा हात आपोआप मुठीत वळला. मोनिका डोलन या नटीने तिथे आवाज अजिबात चढवलेला नाही. मालिका जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दाखवली गेली आणि लोक इतके खवळले की मे महिन्यात संसदेने ते निकाल रद्द करणारा कायदाच केला. वर्तमानपत्रांनी आणि न्यायालयाने हे प्रकरण आधीच उघडं पाडलं होतं, पण ते घराघरांत नेलं या चार भागांनी. नाटकाचं सामर्थ्य काय असतं असं कुणी विचारलं तर मी आता याच मालिकेकडे बोट दाखवतो.

दुसरी साखळी लेखिकेच्या मागून गेली. सॅली वेनराइट उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरची आणि तिच्या गोष्टीही तिथल्याच. 'लास्ट टँगो इन हॅलिफॅक्स'मध्ये तरुणपणी एकमेकांना हुकलेले दोघं सत्तरी ओलांडल्यावर फेसबुकवरून भेटतात आणि लग्न ठरवतात. लेखिकेच्या आईच्या आयुष्यात असंच घडलं होतं. डेरेक जेकबी आणि ॲन रीड यांचं काम बघून घरातली मोठी मंडळी खूश होतील. आईबाबांना सुचवायची असेल तर हीच. 'हॅपी व्हॅली' मात्र त्यांच्यासोबत लावताना विचार करा, हिंसा अंगावर येते. पहिल्याच प्रसंगात सार्जंट कॅथरिन पेट्रोल ओतून घेतलेल्या एका तरुणाला बोलण्यात गुंतवते आणि तसं करताना स्वतःची सगळी कहाणी चार वाक्यांत सांगून टाकते: घटस्फोटित, बहीण व्यसनातून सावरणारी, दोन मुलांपैकी एक गेलेलं आणि दुसरं तिच्याशी बोलत नाही. पात्राची एवढी नेमकी ओळख मी क्वचितच पाहिली आहे. सीझन 2014, 2016 आणि 2023 चे. मधली सात वर्षं वेनराइट थांबली, कारण कॅथरिनचा नातू खरोखरच मोठा व्हायला हवा होता. तोच मुलगा तिन्ही सीझनमध्ये वाढताना दिसतो. यॉर्कशरचे उच्चार जड जातात, तेव्हा सबटायटल लावाच.

'लास्ट टँगो'मधल्या निकोला वॉकरच्या मागून 'अनफर्गॉटन' (2015 पासून). प्रत्येक सीझनमध्ये एक जुनं, विसरलेलं प्रकरण. पहिल्यात पाडलेल्या घराच्या तळघरात हाडं सापडतात. तपास शांत चालतो, आरडाओरडा नाही, आणि संशयितांना पोलिसांइतकाच वेळ मिळतो. वॉकरचा जोडीदार सनी खान म्हणजे संजीव भास्कर. इथून मी मागे वळून त्याचं 'गुडनेस ग्रेशस मी' (टीव्हीवर 1998 ते 2001) काढलं. मुंबईतलं टोळकं इंग्लिश हॉटेलात जाऊन वेटरची टर उडवतं आणि सगळ्यात बेचव पदार्थ मागतं, ते प्रहसन अजूनही ताजं आहे. त्यातली नीना वाडिया जन्माने मुंबईचीच.

'एकदम सुरुवात कुठून करू?' असं विचारणाऱ्या नव्या मंडळींना माझं उत्तर तेच: 'येस मिनिस्टर' आणि 'येस प्राइम मिनिस्टर', मिळून 38 भाग. ज्यांनी 2001 मध्ये फारुख शेख यांचं 'जी मंत्रीजी' पाहिलंय, त्यांना मंत्र्याला गुंडाळणारे सचिव सर हंफ्री लगेच ओळखू येतील.

आता चालू आहे 'बॉइज फ्रॉम द ब्लॅकस्टफ'. 'अनफर्गॉटन'च्या पहिल्या सीझनमधला पाद्री म्हणजे बर्नार्ड हिल, 'टायटॅनिक'चा कप्तान. 1982 साली त्याने लिव्हरपूलचा बेकार डांबरकामगार यॉसर ह्यूज उभा केला. ॲलन ब्लीझडेलने लिहिलेले पाचच भाग आहेत. दिसेल त्याला काम मागत, पोरांना मागे घेऊन फिरणारा तो माणूस बघताना मला सारखी गिरणगावाची आठवण येते. आपल्याकडचा संपही त्याच वर्षी जानेवारीत सुरू झाला होता. तीन भाग झालेत. यॉसर पहिल्या भागापासूनच दिसतो, पण चौथा पूर्ण त्याचाच आहे. तो रविवारसाठी ठेवलाय, मध्ये उठावं लागणार नाही अशा वेळेसाठी. पुढची कडी बहुतेक ज्युली वॉल्टर्स, तीही यात आहे.