बोस्टन-लंडन: बिझनेस क्लासचे पैसे जाताना घालावेत की येताना?

परतीचं तिकीट काढताना दोन्ही बाजूंना एकच क्लास निवडायचा, ही आपली सवय. ॲटलांटिकवर ती मोडावी, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेतून युरोपकडे जाणारी बहुतेक विमानं संध्याकाळी किंवा रात्री सुटतात, परत येणारी दिवसा. जाताना झोपायची सोय हवी असते, येताना नीट बसायची. बहुतेक कंपन्या एकाच तिकिटात जाताना एक केबिन आणि येताना दुसरी घेऊ देतात.

माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं आहे, म्हणून माझ्यासाठी हा चैनीचा विषय नाही. रात्रभर ताठ बसून गेले तर सकाळी डाव्या पायात कळ असते आणि लेकीच्या घरी पोचल्यावर नातीला उचलून घेता येत नाही. नवऱ्याचं म्हणणं, दोन्हीकडे प्रीमियम इकॉनॉमी (साध्या इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधला क्लास) घे आणि सोक्षमोक्ष लाव. त्याला कुठेही झोप लागते, मला लागत नाही.

आता रात्रीच्या फ्लाइटचा हिशेब बघा. बोस्टन ते हीथ्रो साधारण साडेसहा तास, कारण जेट स्ट्रीमचा वारा पाठीशी असतो. येताना तोच वारा समोरून येतो आणि तास-सव्वा तास जास्त लागतो. साडेसहातला पहिला अर्धा तास विमान वर चढण्यात जातो. मग ड्रिंक्स, जेवण, ट्रे उचलणं. उतरण्याआधी तासभर दिवे लागतात आणि नाश्ता समोर येतो, तेव्हा आपल्या शरीराच्या घड्याळात रात्रीचा एकच वाजलेला असतो. झोपेला उरतात जेमतेम चार तास. एवढ्या पैशात चार तास! म्हणून मी लाउंजमध्येच जेवून घेते, विमानात शिरल्या शिरल्या नाश्त्याला उठवू नका म्हणून सांगते आणि सीटबेल्टचा दिवा विझला की अंग टाकते. बेल्ट पांघरुणावरून बांधायचा, म्हणजे तो लावलाय की नाही हे बघायला कुणी उठवत नाही. असं केलं तर पाच तास मिळतात, आणि माझ्या कमरेला तो एक तास फार मोठा आहे. जेवणाचा मेन्यू बघून बिझनेस क्लास निवडणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, या मार्गावर जेवण आणि झोप एकमेकांचा वेळ खातात.

केबिनच्या नावावर जाऊ नका, विमान आणि सीट बघा. ब्रिटिश एअरवेजने २०१९ मध्ये दार असलेली क्लब सूट ही बिझनेस सीट आणली, एका रांगेत चारच सीट, प्रत्येकीला थेट वाट. त्याआधीच्या रचनेत काही विमानांत एका रांगेत आठ सीट होत्या आणि खिडकीतल्या माणसाला शेजाऱ्याचे पसरलेले पाय ओलांडून बाहेर यावं लागे. नवी सीट आली तरी सगळी विमानं एका दिवसात बदलत नाहीत, त्यामुळे नाव तेच आणि आत काहीतरी वेगळंच, असं होऊ शकतं. जेटब्लू या अमेरिकन कंपनीची मिंट ही बिझनेस केबिन २०२१ पासून लंडनला जाते. विमान लहान, ए३२१, पण त्यातल्या सगळ्या मिंट सीटना दार आहे आणि त्या पूर्ण आडव्या होतात.

सीट मॅपवर मी सर्वांत आधी पायांची जागा बघते. बऱ्याच रचनांत आपले पाय पुढच्या प्रवाशाच्या बाजूच्या टेबलाखालच्या कप्प्यात जातात. पाठीवर सरळ झोपणाऱ्याला ते चालतं. मी कुशीवर, गुडघे दुमडून झोपते. कप्पा अरुंद असला की कूस बदलताना गुडघा वरच्या प्लास्टिकवर आपटतो आणि झोपमोड होते. पहिल्या रांगेत पुढे कुणी नसल्यामुळे हा कप्पा बहुतेक वेळा रुंद असतो. किचन आणि टॉयलेट जवळ असल्यामुळे तिथे आवाज जास्त, पण इअरप्लगने आवाज थांबतो, गुडघ्याला जागा होत नाही.

येताना दिवस असतो. तासातासाला उठून चार पावलं चालता येतं, कुणाची झोप मोडत नाही, म्हणून प्रीमियम इकॉनॉमी मला पुरते. फक्त ब्रिटनमधून निघताना एअर पॅसेंजर ड्यूटीकडे, म्हणजे विमानप्रवासावरच्या सरकारी कराकडे, लक्ष ठेवा. इकॉनॉमीच्या वरच्या प्रत्येक केबिनला तिचा दर दुपटीहून जास्त आहे, आणि प्रीमियम इकॉनॉमी व बिझनेस या दोन्हींना तो सारखाच लागतो. त्यामुळे साध्या इकॉनॉमीतून एक पायरी वर चढणं वाटतं तेवढं स्वस्त पडत नाही. बिझनेसवर सवलत असेल तर दोन्ही भाव शेजारी मांडून बघा. आयर्लंडने असा कर २०१४ मध्ये काढून टाकला. लेकीकडून निघून चार दिवस डब्लिनला राहायचं असेल तर तिथूनच परतावं. अमेरिकेचं इमिग्रेशनही डब्लिनच्या विमानतळावरच उरकतं, बोस्टनला देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ बाहेर पडायचं.

पूर्वेला जाताना दिवसाचं विमान मिळालं तर मात्र बिझनेसचे पैसे वाचवावेत. न्यूयॉर्कहून सकाळी आठच्या सुमारास सुटणारी काही विमानं रात्री हीथ्रोला पोचतात. पुस्तक वाचायचं, एखादी डुलकी काढायची आणि लंडनला पोचून खऱ्याखुऱ्या पलंगावर झोपायचं. माझ्यासाठी अडचण एवढीच की त्यासाठी आदल्या रात्री न्यूयॉर्कला मुक्काम पडतो आणि हॉटेलचा खर्च वाढतो. पुढच्या खेपेचं तिकीट मी तरीही तसंच काढणार आहे, कारण हॉटेल आणि दिवसाच्या विमानाचं भाडं मिळूनसुद्धा बिझनेसच्या भाड्यापेक्षा कमी होतायत.