पस्तीस हजारांतले हातात किती?

गेल्या महिन्यात माझ्या भाचीला पुण्यातल्या एका कंपनीचे नेमणूकपत्र आले. वार्षिक सीटीसी, म्हणजे कंपनीला तिच्यावर पडणारा एकूण खर्च, ४,२०,००० रुपये. लातूरला घरी पेढे वाटले गेले आणि ‘पोरीला पस्तीस हजार पगार’ असे सगळ्या नातेवाइकांना कळवूनही झाले. दोन दिवसांनी ती माझ्याकडे आली तेव्हा मी ते पत्र शेवटच्या पानापर्यंत वाचायला घेतले, कारण पगाराची खरी फोड बहुधा तिथेच असते.

मूळ वेतन १७,५०० रुपये होते. त्यावर १२ टक्क्यांनी कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीतील वाटा २,१०० रुपये आणि ४.८१ टक्क्यांनी उपदानाची (ग्रॅच्युइटीची) तरतूद ८४२ रुपये. या दोन्ही रकमा सीटीसीत धरल्या होत्या, पण त्या दरमहा हातात येत नाहीत. शिवाय उपदान मिळण्यासाठी साधारणपणे सलग पाच वर्षे नोकरी व्हावी लागते. कामगिरीवर अवलंबून असलेले वर्षाचे २४,००० रुपये, म्हणजे महिन्याचे २,०००, हेही त्यातच होते. या तिन्ही रकमा पस्तीस हजारांतून वजा केल्यावर ३०,०५८ उरले. त्यातून तिचा स्वतःचा निधीचा वाटा २,१०० आणि व्यवसाय कर २०० रुपये गेला. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर माफ आहे. तिचा पगार त्या मर्यादेपलीकडचा. चौकटीच्या वहीत तिने शेवटचा आकडा लिहिला, २७,७५८, आणि बराच वेळ त्याकडे पाहत राहिली. निधीत गेलेला पैसा तिचाच आहे, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगितले. पण घरभाडे त्यातून भरता येत नाही.

सुरुवातीचा आकडा एकटा पाहून क्षेत्र निवडू नये, असे माझे ठाम मत आहे. तिच्या मैत्रिणीला शिक्षिका व्हायचे आहे. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ पासून १६,००० रुपये आहे, त्याआधी ते अवघे ६,००० होते. मात्र तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी लागली की मूळ वेतनच २९,२०० पासून सुरू होते आणि त्यावर महागाई भत्ता व घरभाडे भत्ता मिळतो. खासगी नोकरीत अशी प्रसिद्ध वेतनश्रेणी नसते, म्हणून त्याच पदावर चार-पाच वर्षे काढलेल्या दोघातिघांना विचारावे लागते. महाविद्यालयाच्या जाहिरातीत झळकते ते सर्वांत मोठे पॅकेज. आपल्याला हवा असतो तो वर्गातल्या मधल्या मुलाचा पगार.

मग खर्च मांडला. दोघींत घेतलेल्या खोलीचे ९,०००, दोन वेळच्या डब्याचे ४,०००, प्रवास १,५००, फोन व किरकोळ १,५००, घरी पाठवायचे ५,०००. दिवाळी, लातूरच्या फेऱ्या, चष्मा, औषधपाणी हे खर्च दरमहा येत नसल्याने हिशेबातून हमखास निसटतात; वर्षाचे ३०,००० धरून आम्ही महिन्याला २,५०० बाजूला काढले. शिल्लक ४,२५८ रुपये.

एक गोष्ट तिनेच शोधली. रुजू होण्याची तारीख १८ होती, आणि त्या महिन्याची हजेरी त्याआधीच बंद होत असल्याने पहिला पगार थेट पुढच्या महिन्याच्या अखेरीस मिळणार होता. खोलीची अनामत १८,००० आणि पहिले भाडे ९,००० मात्र आधीच द्यायचे होते. तिने त्याच संध्याकाळी कंपनीला पत्र लिहून पुढच्या महिन्याच्या १ तारखेला रुजू होण्याची परवानगी मागितली, आणि ती मिळाली.