बाबांची सॅन्ट्रो आणि टायमिंग बेल्ट
आज बाबांच्या जुन्या सॅन्ट्रोचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची (झडपांची) आणि पिस्टनची वेळ जुळवून ठेवणारा रबरी पट्टा, बदलून आणला. बाबांचं पालुपद एकच, "चालतेय ना गाडी, मग कशाला हात लावायचा?" मेकॅनिककाकांनी जुना बेल्ट उलटा वाकवून दाखवला. दातांच्या मुळाशी केसाएवढ्या चिरा! गाडी जागेवर उभी असली तरी रबर म्हातारं होतंच, त्यामुळे नुसते किलोमीटर मोजून भागत नाही. हा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. मग इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवा, त्याखालचं गॅस्केट (सील) बदला, लेथवाल्याकडे खेपा घाला.

नाना पेठेतून आणलेला बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि मजुरी धरून ४,५०० झाले. हेडचं काम निघालं असतं तर २०-२५ हजारांना खड्डा होता.

बाबा अजून बिलच वाचतायत. "बेल्टचं समजलं, हा टेन्शनर कशाला?"